खर्ज कोणी कापला?

मंडळाच्या बैठकीत बजेट जुळेनासं झालं की कोणीतरी हळूच म्हणतं, "बेस गिटार नसली तर नाही का चालणार? तशीही ती ऐकू कुठे येते?" सगळे माना डोलावतात. एक माणूस कमी, एक वायर कमी, वाद्यवृंद मुंबईहून येणार असेल तर एक तिकीट आणि एक व्हिसाही कमी. मग पुढचा विषय निघतो: या वर्षी सन्मानचिन्हं किती करायची?

मी बहरीनमध्ये एकोणीस वर्षं राहतोय. आठवडाभर नोकरी आणि शुक्रवारी बेस गिटार, असं माझं चाललेलं असतं. त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच कबूल करतो. पण तुम्ही न्यू जर्सीत असा, मेलबर्नला असा की मस्कतला, ही बैठक तुम्हीही पाहिलेली आहे. आणि "ऐकू कुठे येते?" हा प्रश्न खोटा नाही, हेच माझं दुखणं आहे. बेस ऐकू येत नाही, कारण ती ऐकू यावी अशी सोय आपण करत नाही. मग ऐकू येत नाही म्हणून आपण ती कापतो. वर म्हणतो, आपल्या मुलांना वाद्यांची आवड राहिली नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मित्राचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याला बेस शिकायची होती. वहिनी म्हणाल्या, "भावजी, यातलं तुम्हालाच कळतं. कुठली घ्यायची तुम्हीच सांगा." ३०० दिनार बाजूला काढलेले होते. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना दुकानात घेऊन गेलो. २४० दिनारांची गिटार घेतली. पिवळ्यातून काळसर होत जाणारा रंग, माथ्यावर नावाजलेल्या कंपनीचं नाव. उरलेल्या पैशात १५ वॉटचा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर, पट्टा आणि पिशवी. मुलगा खूश, आईवडील खूश, मी तर फारच खूश.

वर्षभराने गणपतीच्या कार्यक्रमात मुलांचा वाद्यवृंद होता. हॉल साधारण चारशे खुर्च्यांचा. हॉलचं आणि साउंडवाल्याचं नाव सांगत नाही. त्या माणसाला आम्ही 'गायकांसाठी सहा माइक' एवढंच कळवलं होतं आणि त्याने बरोबर सहा माइक आणले होते. बेस हॉलच्या स्पीकरमध्ये कशी जोडायची याची काहीच तयारी नव्हती. मुलाने आपला १५ वॉटचा डबा स्टेजवर ठेवला आणि ड्रम सुरू झाल्यावर बटण शेवटपर्यंत फिरवलं. स्पीकर पापड मोडावा तसा करकरायला लागला. दुसऱ्या गाण्यानंतर साउंडवाल्याने खूण केली, "बंद कर." मुलाने आवाज शून्यावर आणला आणि उरलेली पाच गाणी तशीच वाजवली. बोटं चालत होती, आवाज काहीच नव्हता. वहिनी तिसऱ्या रांगेतून व्हिडिओ काढत होत्या.

घरी जाऊन त्याने तो व्हिडिओ हेडफोन लावून दोनदा पाहिला, असं मला नंतर कळलं. पुढच्या वर्षी तो म्हणाला, अभ्यास आहे. मंडळाने ट्रॅक लावला. गिटार कपाटावर गेली.

चूक ना मुलाची होती, ना साउंडवाल्याची. ती माझी होती. पैसे कुठे घालायचे हे मला कळलं नव्हतं. आपल्या बहुतेकांना कळत नाही आणि त्याबद्दलच मला तुमच्याशी भांडायचं आहे.

आधी एक सांगा, तबलजी कार्यक्रमाला डग्गा घरी ठेवून आला तर तुम्ही काय म्हणाल? "चाटी ऐकू येतेय ना, बास झालं," असं म्हणाल? पखवाजाच्या धुम्याला कणीक लावतात ती कशासाठी? तानपुऱ्याची खर्जाची तार उतरली तर गवई गाणं थांबवून ती का लावून घेतो? ढोल-ताशा पथकातले ढोल काढून नुसते ताशे ठेवले तर मिरवणूक निघेल का? खर्ज म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. मग इलेक्ट्रिक वाद्यवृंद आला की आपले कान अचानक कुठे जातात?

हिंदी सिनेसंगीतही याच खर्जावर उभं आहे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवत. आपण मंडळात त्या काळची गाणी दरवर्षी हौसेने गातो. गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव निवेदक सांगतो. ज्या बेसमुळे खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलायला लागतो, ती वाजवणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. हे एकवेळ चालेल. पण गाणं त्यांचं घेऊन त्यांचं वाद्यच काढून टाकायचं, हे चालवून घ्यायला मी तयार नाही.

आता ती ऐकू का येत नाही ते पाहू. बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, सुटी वाजवली तर तिची कंपनं सेकंदाला साधारण ४१. साध्या गिटारच्या जाड तारेची ८२. आपण कार्यक्रमासाठी घेतो त्या हॉलमधले भिंतीवरचे उभे स्पीकर भाषणासाठी बसवलेले असतात. अध्यक्षांचं मनोगत त्यातून स्वच्छ ऐकू येतं. पण १०० हर्ट्झच्या खाली ते बहुतेक मुकेच असतात. त्यांच्यात बेस सोडणं म्हणजे चहाच्या गाळणीतून पिठलं गाळण्यासारखं आहे.

दुसरं कारण आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की खालचे सूर माणसाला कमी ऐकू येतात. वरच्या सुराइतके ते जाणवायचे तर त्यांना कितीतरी जास्त ताकद लागते. म्हणून लीड गिटारवाल्याला ३० वॉट पुरतात आणि शेजारच्या बेसवाल्याला ३०० लागतात. बेसवाला हावरा असतो असं नाही. शिवाय वॉट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. आमचा तो १५ वॉटचा डबा १५० वॉटचा असता तर दुप्पट ऐकू आला असता, एवढंच.

तिसरं कारण हॉलचं. ४१ हर्ट्झची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. ती भिंतींवर आपटून परत येते, काही जागी साचते आणि काही जागी स्वतःलाच खोडते. साउंडवाल्याचं टेबल मागच्या भिंतीला चिकटून असेल तर तिथे बेस गुरगुरते. तो ती कमी करतो आणि मधल्या रांगांतून ती नाहीशीच होते. यावर उपाय फुकट आहे. साउंड चेक चालू असताना कोणीतरी हॉलभर चालत फिरायचं. आपल्या किती कार्यक्रमांत हे होतं? मी तरी फार पाहिलेलं नाही. आपला साउंड चेक म्हणजे "हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री" आणि मग समोसे.

तर मग पैसे कुठे घालायचे? मी दुकानात केलं त्याच्या बरोबर उलट क्रमाने.

सगळ्यात आधी हॉलचे स्पीकर. साउंडवाल्याशी बोलताना 'किती वॉट' हे विचारण्याआधी 'सबवूफर आहेत का आणि किती इंची' हे विचारा. १५ किंवा १८ इंचांचे दोन सब भाड्याने आले तर निम्मं काम झालं. ते येणार नसतील तर बाकीचा खर्च विचार करूनच करा.

दुसरा डीआय बॉक्स. तळहातावर मावणारी ही लोखंडी डबी. गिटारचा नाजूक सिग्नल लांब वायरीतून नेला की तो वाटेत घरघर गोळा करतो. डीआय त्याला माइकसारख्या एक्सएलआर वायरीतून मिक्सरपर्यंत स्वच्छ पोहोचवतो. घरघर आली तर तिच्यावरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबायचं. डबी अ‍ॅक्टिव्ह असेल तर तिला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा किंवा आत बॅटरी लागते, हे आधी पाहून ठेवायचं. आमच्या त्या मुलाच्या आणि चारशे श्रोत्यांच्या मध्ये ही एवढीशी डबी नव्हती.

इथेच एक गंभीर गोष्ट सांगतो. भारतातून आणलेली गोल पिनांची वायर इथल्या चौकोनी पिनांच्या सॉकेटमध्ये जात नाही, म्हणून आपण अ‍ॅडाप्टर लावतो. घरघर थांबावी म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे महाभागही मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. हातात तार आणि ओठाला माइक असलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. तसंच अमेरिकेतल्या भावाने दिलेला अ‍ॅम्प इथे लावण्याआधी मागचं लेबल वाचा. इथे २३० व्होल्ट असतात, तिकडे १२०. लेबलवर १०० ते २४० असं लिहिलेलं नसेल तर आधी ट्रान्सफॉर्मर, मग वाजवणं.

तिसरा अ‍ॅम्प. हॉलचे स्पीकर बेस वाहून नेणार असतील तर स्टेजवरचा अ‍ॅम्प फक्त वाजवणाऱ्याला आणि ड्रमरला ऐकू आला तरी पुरतो. पण तेवढ्यालाही २०० वॉट आणि १२ इंची स्पीकर हवा. "एवढं धूड कोण उचलणार?" हे कारण आता जुनं झालं. १९६९ मध्ये अँपेग कंपनीने मोठ्या मैफलींसाठी ३०० वॉटचा एसव्हीटी काढला, तेव्हा त्याचा नुसता वरचा भागच जवळजवळ ४० किलोंचा होता. आज क्लास-डी तंत्राने तेवढी ताकद तीन-साडेतीन किलोंत मिळते. वेगळे स्पीकर जोडणार असाल तर ओहम पाहा. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ होतात, ४ चे दोन जोडले की २. अ‍ॅम्पवर 'किमान ४' असं लिहिलं असेल आणि तुम्ही २ चा भार दिला, तर मध्यंतराआधीच तो बंद पडू शकतो. अ‍ॅम्पपासून स्पीकरपर्यंत गिटारची वायर वापरू नका. दोन्ही सारख्या दिसतात, पण काम वेगळं असतं.

चौथं, तारा आणि मान. आपल्या बेटावरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. बाहेर चाळिशीपार आणि दमट, आत एसीचा गारठा. लाकूड फुगतं, आकसतं, मान हलते आणि तारा वर उठतात. बारा वर्षांच्या मुलीला त्या दाबता आल्या नाहीत की आपण म्हणतो, तिला जमत नाही. जाणकाराकडून वर्षातून दोनदा मान आणि तारांची उंची नीट करून घ्या. वाजवून झालं की तारा फडक्याने पुसा. ऑगस्टमध्ये गिटार गाडीत ठेवणाऱ्याला माझी सहानुभूती मिळणार नाही. गिटार बॅटरीवर चालणारी असेल तर वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवा. वायर आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते आणि ती संपते ती बरोबर कार्यक्रमाच्या दिवशी.

आणि मग, पाचवी, गिटार. यामाहा, आयबानेझ किंवा फेंडरचीच स्क्वायर, यांपैकी कुणाचीही सुरुवातीची बेस चांगल्या अ‍ॅम्पवर स्टेजला शोभते. उलट महागडी बेस १५ वॉटच्या डब्यावर कधीच शोभत नाही. हात लहान असतील तर ३४ इंचांऐवजी ३० इंची तारेची घ्या. चार तारा पुरे आहेत, पाचवी नंतर. विकत घेण्याआधी उभं राहून, पट्टा लावून पाच मिनिटं वाजवून पाहा. बसून सगळ्याच हलक्या वाटतात. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली, कारण तोपर्यंतचा उभा डबल बेस उचलायला अवघड होता आणि मोठ्या बँडमध्ये ऐकू येत नव्हता. पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव 'प्रिसिजन'. थोडक्यात, हे वाद्य जन्माला आलं तेच ऐकू यावं म्हणून. आणि आपण ते शोभेसाठी विकत घेतो.

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत.

"कीबोर्डवाला डाव्या हाताने वाजवेल की." वाजवेल. सिंथेसायझरच्या बेसवर कितीतरी उत्तम गाणी झाली आहेत, ते मला मान्य आहे. पण आपल्या मंडळातला कीबोर्डवाला आधीच बासरी, सनई, व्हायोलिनचा ताफा आणि मधूनच टाळ असं सगळं एकटा वाजवत असतो. त्याच्या डाव्या हाताला आणखी एक नोकरी लावू नका.

"मोठ्या माणसांना आवाजाचा त्रास होतो." होतो, खरं आहे. पण कानाला टोचतो तो बहुतेकदा २ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज. तिथे आपला कान सगळ्यात तिखट असतो. खाली खर्ज नसला की गाणं पोकळ वाटतं, मग साउंडवाला सगळंच वर चढवतो आणि आजी कानात कापूस घालतात. खाली भरणा असेल तर वरचा आवाज कमी ठेवूनही गाणं भरतं.

"भावगीतांच्या कार्यक्रमाला बेस कशाला?" अगदी बरोबर, नकोच. पेटी, तबला आणि तानपुरा असताना मीही माझी गिटार घरीच ठेवतो. मी बोलतोय ते जिथे ड्रम आहे, नाच आहे आणि शेवटी सगळ्यांना स्टेजसमोर बोलवायचं आहे त्या कार्यक्रमाबद्दल.

"ट्रॅक आहे ना, ट्रॅकमध्ये बेस असतेच." हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो, कारण तो सगळ्यात सोयीचा आहे. ट्रॅक चुकत नाही, उशिरा येत नाही, जेवणाचं कूपन मागत नाही. पण गायिकेने भावनेच्या भरात एक ओळ दुसऱ्यांदा घेतली तर ट्रॅक थांबत नाही, तिला सोडून पुढे जातो. आणि ट्रॅक मोठा होत नाही. चौदाव्या वर्षी अडखळणारा मुलगा अठराव्या वर्षी मंडळाचा वाद्यवृंद सांभाळू शकतो. ट्रॅक दहा वर्षांनीही तिथेच असतो आणि तोवर आपल्याकडे वाजवणारं कोणी उरलेलं नसतं.

मला स्वतःला हे वाद्य कोणी क्लासमध्ये शिकवलं नाही. इथल्या हॉटेलांमधले फिलिपिनो बँड ऐकत कोपऱ्यात बसायचो आणि बेसवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहायचो. चार तास वाजवून तो माणूस घामाने भिजलेला असायचा आणि त्याचा अ‍ॅम्प बहुधा त्याच्या गिटारपेक्षा महाग असायचा. तो पोटासाठी वाजवत होता, म्हणून त्याला क्रम ठाऊक होता. आपण हौसेने वाजवतो, म्हणून रंग पाहतो.

आणि ज्या भूमीवर आपण राहतो तिच्याकडूनही थोडं शिकावं. बहरीनची फिजरी ही मोती काढणाऱ्या दर्यावर्दींची गाणी. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मुहर्रकला ती आजही गायली जातात. एकदा कुटुंबासह जाऊन बसा. मुख्य गायक वर टिपेला जातो आणि भोवती बसलेली माणसं खाली खोल खर्जाचा हुंकार धरून ठेवतात. कोणी ढोलकं वाजवतं, कोणी मातीच्या घड्यावर हात मारतं. वीज नाही, वॉट नाहीत, तरी तो हुंकार आपल्या छातीत घुमतो. मोत्यांचा धंदा गेला, जहाजं गेली, तरी त्यांनी हुंकार सोडला नाही. मुख्य गायकाचं तिकीट काढू आणि बाकीच्यांचं वाचवू, असं त्यांच्या कुठल्या बैठकीत ठरलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, तुमच्या मंडळाकडे आणि आमच्याही. मंडळाच्या मालकीचा एक डीआय बॉक्स. एक २०० वॉटचा, १२ इंची स्पीकरचा बेस अ‍ॅम्प. एक २० मीटरची चांगली एक्सएलआर वायर, तारांचा जादा संच आणि मुलांसाठी ३० इंची तारेची एक साधी बेस. कपाटात ठेवायची, नोंदवहीत सही करून ज्याला हवी त्याने न्यायची. एका वर्षी सन्मानचिन्हं थोडी कमी करा. खरं सांगा, मागच्या वर्षीचं तुमचं सन्मानचिन्ह आत्ता कुठे आहे?

त्या मुलाचं पुढे काय झालं, विचाराल. तो आता पुण्याला इंजिनियरिंग करतोय. गेल्या महिन्यात वहिनींकडे जेवायला गेलो तेव्हा कपाटावरून गिटार खाली काढली. तारा गंजलेल्या, मान थोडी वाकलेली. दोन्ही दुरुस्त होतं. मी ती घरी आणली, नव्या तारा चढवल्या आणि मान सरळ करून घेतली. डिसेंबरच्या सुट्टीत तो येतोय. वाजवेल की नाही, मला माहीत नाही. पण वाजवायचं ठरवलं तर या वेळी डीआय बॉक्स मी खिशात घेऊन जाणार आहे आणि तो पहिलं गाणं वाजवत असताना हॉलच्या मधल्या रांगेत उभा राहणार आहे.